बिनडागाचा कोट

"जाऊबाई, हा डाग काही जायचा नाही हं. आधीच सांगून ठेवते."

धाकटीनं गच्चीच्या दोरीवरचा पांढरा कोट उन्हाकडे धरला आणि जीभ टाळ्याला लावून 'च्च' केलं. कोट तिच्या पुतणीचा, मनीचा. उजव्या बाहीवर मनगटापाशी जांभळा ओघळ, खिशाखाली पिवळे ठिपके आणि पोटावर एक तपकिरी गोल, कुणी ओला कप ठेवून उचलावा तसा.

थोरली दोरीच्या दुसऱ्या टोकाला उशांचे अभ्रे वाळत घालत होती. तिनं वळूनही पाहिलं नाही. "राहू दे गं. उद्या तिथंच दुसरा पाडून आणेल."

"राहू दे कसं? लोक बघतात. खाली लाँड्रीची पाटी आणि वर दोरीला असला कोट. आमच्या धंद्याची शोभाच की!"

"मग तू नको धुऊस. मी धुते."

"तुम्ही धुवाल! तुम्ही चादरीला नीळ घातली तर चादरीचं आभाळ होतं."

थोरली हसली, अगदी मनापासून. धाकटीला तेच सोसत नसे. थोरलीला टोमणा मारणं म्हणजे कापसाच्या ढिगात दगड टाकणं. दगड आपला जातो, आणि आवाज काही येत नाही.

मनीच्या कोटाशेजारी चिऊचा कोट लटकत होता. चिऊ धाकटीची लेक. तो कोट बगळ्याच्या पंखासारखा. कॉलर ताठ, बाह्या कोऱ्या, खिसा नुकताच शिवल्यासारखा.

"आमच्या चिऊचा बघा," धाकटी म्हणाली. "दुसरं वर्ष चाललंय तिचं. एक ठिपका दाखवा. दाखवाच."

थोरलीनं हात पुसले, जवळ येऊन कोट नीट पाहिला आणि म्हणाली, "खरंच की. नीटनेटकी आहे हो पोर."

धाकटीला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. पण तो कोट तिनं दोरीच्या मधोमध सरकवला, रस्त्यावरून दिसेल असा.

दोघी सख्ख्या जावा. घर दुमजली. खाली पुढच्या बाजूला लाँड्री, तिच्यामागे धाकटीच्या दोन खोल्या, वर थोरलीचं बिऱ्हाड आणि गच्ची दोघींत सामाईक. थोरल्या भावाला पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात नोकरी होती, म्हणून धाकट्याला दुकान आणि थोरल्याला वरचा मजला अशी वाटणी सासऱ्यांनी करून दिली. वाटणी रास्त होती, असं सगळे म्हणायचे. धाकटीच्या हिशेबात मात्र वर ते वर आणि खाली ते खाली. डोक्यावर थोरलीची पावलं वाजली की ती म्हणायची, "आल्या आमच्या डोक्यावर बसायला." तिच्या नवऱ्याला यात आधी विनोद दिसायचा. पुढं पुढं तो इस्त्री करता करता नुसतं 'हं' म्हणू लागला.

थोरली आधी सून झाली, आधी आई झाली. तिची मुलगी पाळण्यातून उतरली न उतरली तोच त्या पाळण्यात धाकटीची मुलगी निजली. पाळणा तोच, झबली तीच, दुपटी तीच. सासूबाई कौतुकानं म्हणाल्या, "बरं झालं बाई, सगळं तयार आहे." धाकटीच्या पोटातली बाळंतपणाची कळ कमी झाली नव्हती आणि त्यात ही दुसरी कळ. ही मात्र आयुष्यभर गेली नाही.

थोरलीची मुलगी लहानपणापासून गप्प. दारात बसून टकामका बघायची म्हणून तिला मनी म्हणायचे. धाकटीची झोपेतसुद्धा बडबडायची, म्हणून ती चिऊ. "एका घरात मांजर आणि चिमणी, कसं नांदायचं हो?" असं गल्लीतले लोक गमतीनं विचारायचे. मांजर आणि चिमणी छान नांदत होत्या. एका वर्गात, एका बाकावर, एका छत्रीखाली. नांदायचं अवघड झालं होतं ते चिमणीच्या आईला.

शाळा संपल्यावर दोघींनी सरकारी इस्पितळाच्या शाळेत अर्ज केले, प्रवेशपरीक्षा दिली. रक्त तपासणं, लघवी तपासणं, काचेखाली जंतू बघणं असलं काम शिकवायची ती शाळा होती. जागा थोड्या आणि फी नावाला. यादी लागली त्या दिवशी दोघी पोरी बघायला गेल्या. धाकटी दुकानात गिऱ्हाइकाच्या शर्टावर इस्त्री फिरवत होती. एवढ्यात रस्त्याच्या टोकापासून चिऊचा आवाज आला, "मनी लागली! मोठी आई, मनी लागली!"

पोर धावत आली, धापा टाकत जिना चढली, वर जाऊन थोरलीच्या गळ्यात पडली. आपलं नाव यादीत नाही हे तिला बहुधा खाली उतरताना आठवलं. कारण जिन्याच्या शेवटच्या पायरीवर ती थबकली आणि आईकडे बघून हळूच म्हणाली, "माझं नाही लागलं, आई."

इस्त्री तशीच शर्टावर राहिली होती. पाठीवर पानासारखा तपकिरी ठसा उठला. गिऱ्हाईक मागाहून भांडलं, नवऱ्यानं मिटवलं. धाकटी वर जाऊन "छान झालं हो, नाव काढलंन" म्हणून आली. तोंडानं म्हणाली. नंतर कितीतरी दिवस तिला अन्न गोड लागेना. जिन्यावर पावलं वाजली की वाटायचं, मनी आता जाणार, रोज जाणार, पांढरा कोट घालून जाणार, आणि माझी इथं बटणं लावत बसणार.

त्या दिवसांत घराघरांत फोन नव्हते. लाँड्रीत होता, तो "पडदे झाले का?" असं विचारणाऱ्यांसाठी. एके दिवशी तो वाजला आणि पलीकडून मधात बुडवलेला आवाज आला. "चिऊच्या आई बोलताय का?" यादीत नाव नसलेल्या मुलींची नावं त्या लोकांना कुठून मिळाली, ते कुणाला कधी कळलं नाही. बाई एका खासगी कॉलेजातून बोलत होत्या. कोर्स तोच, शिक्षण त्याहून आधुनिक. "फक्त दोन जागा उरल्यात मॅडम. तुम्ही नुसतं बघून जा."

'मॅडम' म्हणून तिला त्याआधी कुणी हाक मारली नव्हती.

कॉलेज म्हणजे काचेची इमारत होती. आत गारवा, भिंतीवर हसऱ्या मुलींचे फोटो, काचेच्या कपाटात एक चकचकीत यंत्र आणि त्यावर उजेड सोडलेला. सल्लागार बाईंनी चहा मागवला. चिऊचे गुण त्यांनी विचारलेच नाहीत. विचारलं ते वेगळंच.

"घरात आणखी कुणी या लाइनला आहे का?"

"पुतणी आहे. सरकारी इस्पितळात लागली," धाकटी म्हणाली. आवाज चढू नये म्हणून तिनं कप उचलला.

"अच्छा." बाई जरा पुढं झुकल्या. "एकाच घरातल्या दोघी. मग आपल्या मुलीनं मागं का राहायचं? उद्या चार माणसांत दोघी शेजारी बसतील तेव्हा कसं दिसेल, सांगा ना."

कसं दिसेल ते धाकटीला रोजच दिसत होतं. त्या बाईला एका वाक्यात तिची दुखरी नस सापडली आणि तिथंच तिनं बोट ठेवलं. हुशार होती बाई.

"नोकरी?" धाकटीच्या नवऱ्यानं विचारलं.

"शंभर टक्के, सर."

बाहेर आल्यावर नवरा मान वर करून इमारत बघत राहिला. "काचा फार आहेत गं. या पुसायला माणसं किती आणि शिकवायला किती, ते विचारायला हवं होतं."

"तुम्हाला सगळीकडे खोटच दिसते. तुमच्या भावाची मुलगी असती तर लगेच सही केली असतीत."

त्यानं सही केली. दुकानावर कर्ज काढलं. धाकटी महिनाभर पिसासारखी हलकी चालत होती.

मनी बसच्या दांड्याला लटकून जायची आणि चिऊला न्यायला कॉलेजची गाडी यायची. मनीला साधी कापडी पिशवी, तर चिऊच्या गळ्यात फोटोचं ओळखपत्र आणि रंगीत फीत. धाकटी गाडी येण्याआधीच रस्त्यावर उभी राहायची आणि लेकीला निष्कारण मोठ्यानं सांगायची, "पोचल्यावर मॅडमना विचार हं!" काय विचारायचं ते चिऊला माहीत नसायचं. ती आपली मान डोलवायची.

चिऊ कधी दुपारीच घरी यायची. "आज तास नाही झाला. सर सोडून गेले." दुसरे सर आले, तेही गेले. एकदा हसत हसत म्हणाली, "आई, त्या कपाटातल्या यंत्राला वायरच नाही." धाकटी म्हणाली, "महाग वस्तू आहे. उठसूट कोण चालू करेल?" चिऊनं पुढं काही सांगितलं नाही. आईच्या चेहऱ्यावरचा आनंद तिला तसा नवाच होता, आणि तो मोडायचं तिच्या जिवावर आलं असावं.

थोरली एकदा सहज विचारून गेली, "तिथं पेशंट येतात का गं?"

"पेशंट कशाला येतील? कॉलेज आहे ते, इस्पितळ नाही," धाकटीनं फटकारलं. आणि रात्रभर ओला ठेवलेला मनीचा कोट तिनं सकाळी पुन्हा दगडावर घासला. हा डाग शाईचा नव्हता, गंजाचा नव्हता, कुठल्या रसाचाही नव्हता. तिला ओळखता येईना.

"काकू, काचेवर जंतू रंगवायचा रंग आहे तो," मनीनं सांगितलं. "रंगवल्याशिवाय दिसत नाहीत."

"जंतूंची रंगपंचमी करायला सरकार पगार देणार होय तुला?"

मनी हसली. "देईल बहुतेक."

लाँड्रीवालीची नजर कपड्यापलीकडे जात नाही म्हणतात. धाकटीला माणसाची परीक्षा कपड्यावरून करायची सवय होती, आणि ती सहसा चुकत नसे. कोण पितो, कोणाच्या घरी आजारपण आहे, कुणाची नोकरी गेली, हे तिला कॉलर आणि खिसे सांगायचे. त्याच नजरेनं तिनं दोन कोट शेजारी ठेवले आणि ठरवून टाकलं: सरकारी तो गचाळ कारभार, आमचं ते टापटिपीचं.

मग एका दुपारी ती वाळून पापड झालेल्या चादरी काढायला गच्चीवर गेली. पाण्याच्या टाकीच्या सावलीत दोघी पोरी बसल्या होत्या. मनीनं आपल्या दंडाला रबराचा पट्टा आवळून हात पुढं केला होता, आणि चिऊच्या हातात सुई होती.

"काय चाललंय?"

मनी दचकली नाही. "काही नाही काकू. चिऊला जरा सराव."

"सराव? तिला कॉलेज नाही वाटतं? की तुझ्यापाशी शिकवणी लावलीय?"

"आई, अगं मीच तिला..."

"तू गप्प बस. आणि तू गं मनी, तुझं तू बघ. माझ्या लेकीला तुझ्या हाताची गरज नाही. आम्ही फी भरून शिकवतोय तिला."

मनीनं पट्टा सोडला. दंडावर लाल वळ होता, तो चोळत ती खाली गेली. चिऊ टाकीला पाठ टेकून बसून राहिली. एरवी वटवट करणारी पोर, त्या दिवशी जेवतानाही बोलली नाही. धाकटीला वाटलं, मनी हिला काहीतरी लागट बोलली असणार.

थोरल्या भावजींना साखरेचा त्रास सुरू झाला तो त्याच सुमाराला. मनी सुट्टीच्या सकाळी घरीच त्यांचं रक्त काढून इस्पितळात न्यायची. समोरची मास्तरीण, गल्लीभर बातम्या पोचवणारी, तीही आपलं रक्त द्यायला येऊन बसली. धाकटी जिन्यात होती. वरून मास्तरणीचा आवाज आला, "अगं, झालंसुद्धा? डास चावला म्हणावं तर तेवढंही नाही! काय हलका हात आहे हो हिचा. थोरल्या वहिनी, भाग्यवान आहात."

धाकटी तशीच माघारी फिरली. चिऊ आरशासमोर केस विंचरत होती. "कोट घाल," धाकटी म्हणाली.

"आज सुट्टी आहे."

"घाल म्हणते ना. आणि वर चल."

थोरलीच्या खोलीत भावजी दंडावर कापूस दाबून बसले होते. मास्तरणीपुढं चहा होता. धाकटीनं खुर्ची ओढली, बाही वर सारली आणि हात टेबलावर ठेवला.

"मलाही हल्ली गरगरतं. माझंही तपासून टाका. पण मनीला कशाला त्रास? चिऊ काढेल."

"काढू दे की," मास्तरीण उत्साहानं म्हणाली. "बघू तर खरं, खासगीवाल्यांचा हात कसा आहे ते."

"आई, नको," चिऊ म्हणाली.

"नको काय? दोन वर्षं शिकतेस."

मनीनं नवी सुई काढून मुकाट्यानं चिऊच्या हातात दिली. पट्टाही तिनंच बांधला. वाकताना तिनं बोटाच्या टोकानं एका जागी किंचित दाबलं. इथं, असं दाखवल्यासारखं. चिऊनं सुई लावली. सुई आत गेली, रक्त आलं नाही. बाहेर काढली, पुन्हा लावली. धाकटी मास्तरणीकडे बघून हसत होती. कपाळावर घाम होता, पण हसत होती. "लागत नाही हो मुळीच," असंही म्हणाली. तिसऱ्या वेळी कातडीखाली निळा फुगा उठला, सुई निसटली आणि रक्ताचा एक थेंब चिऊच्या कोऱ्या बाहीवर पडला.

"थंड पाणी!" धाकटी सवयीनं ओरडली. "आधी थंड पाणी लाव, गरम नको, बसेल तो!"

चिऊनं सुई टेबलावर ठेवली. तिचा चेहरा कोटासारखा झाला होता.

"मी आजवर कुणालाच टोचलेलं नाही, आई."

मनीनं पट्टा सोडून फुग्यावर कापूस दाबला.

"कॉलेजात एक रबराचा हात आहे," चिऊ म्हणाली. "फाटका. त्याला सगळ्यांनी एकेकदा सुई लावली, फोटो काढायला. तोच फोटो भिंतीवर आहे."

"मग दोन वर्षं करत काय होतीस?"

"फळ्यावरचं उतरवून घेत होतो. तू सगळ्यांना कोट दाखवत होतीस ना? तो डागाळणार कशानं, आई? खडूनं?"

मास्तरणीनं चहा अर्धा टाकला आणि "दूध उतू जाईल माझं" म्हणत उठली. संध्याकाळपर्यंत गल्लीत कुणाला सांगायचं राहिलं नसणार. पण धाकटीला त्या क्षणी मास्तरीण आठवलीसुद्धा नाही. तिच्या दंडावर मनीची बोटं होती. गरम, घट्ट, नेमक्या जागी. हात हिसकावून घ्यावा असं तिला फार वाटलं. घेतला नाही. हिसकावला असता तर रक्त वाहिलं असतं.

मनीनं मग जे सांगितलं ते थोडक्यात असं होतं: इस्पितळात नोकरीला सरकारदरबारी नोंदणी लागते, आणि चिऊच्या कॉलेजच्या प्रमाणपत्रावर ती होत नाही. तिनं वर्षापूर्वीच चौकशी केली होती. चिऊलाही सांगितलं होतं.

"मग मला का नाही सांगितलंत?"

दोघी पोरींनी एकमेकींकडे पाहिलं. उत्तर दोघींनाही ठाऊक होतं, आणि धाकटीलाही.

दुसऱ्या दिवशी ती चिऊला घेऊन कॉलेजात गेली. त्या सल्लागार बाई तिथं नव्हत्या. त्यांच्या खुर्चीत दुसरी होती. हसू तेवढं तेच.

"नोंदणीचं आम्ही कधी बोललोच नव्हतो, मॅडम. 'प्रयत्न चालू आहेत' असं बोललो होतो. आमचं प्रमाणपत्र आमच्या सगळ्या शाखांत चालतं."

"म्हणजे इथं शिकून इथंच राहायचं?"

"संधी असते ना."

"कसली? काचा पुसायची?"

बाईंचं हसू हललं नाही. भरलेली फी परत मिळत नाही, हे त्यांनी इतक्या गोड आवाजात सांगितलं की आधी धाकटीला ते काहीतरी चांगलं वाटलं. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि त्या आत गेल्या.

शेजारच्या टेबलापाशी एक बाई बसली होती. धाकटीच्याच वयाची, राखून ठेवलेले कपडे घालून आलेली. इस्त्री घरची होती. शिवणीवर चुण्या राहिल्या होत्या. सोबत मुलगी. तिच्यापुढं चहाचा कप होता. टेबलापलीकडचा तरुण म्हणत होता, "फक्त दोन जागा उरल्यात, मॅडम. विचार करा, मी आलोच." आणि तोही उठला.

धाकटीनं खुर्ची सरकवली. "बाई, एक विचारू? तुमच्या घरातलं कोण पुढं गेलंय?"

"काय?"

"कुणीतरी गेलं असेल ना. कुणाच्या पोरीचं, पोराचं कुठंतरी झालं असेल."

बाईच्या चेहऱ्यावरून सावली सरकली. "बहिणीच्या मुलाचं झालं," ती बोलून गेली. मग सावध झाली. "तुम्हाला काय करायचंय?"

"काही नाही. सही करू नका एवढंच. माझी मुलगी आहे इथं. काही शिकवत नाहीत. यांच्या कागदावर कुणी दारात उभं करत नाही."

बाईनं चिऊकडे पाहिलं. तिच्या गळ्यातली फीत, फोटो, कोट, सगळं पाहिलं. मग धाकटीकडे वळली, आणि तिच्या डोळ्यांत जे होतं ते धाकटीनं लगेच ओळखलं.

"तुमची पोर शिकली की नाही? मग आमची शिकायला लागल्यावर तुमच्या पोटात का दुखावं? दुसऱ्याचं बरं झालेलं बघवतच नाही काही जणांना."

चिऊनं आईला दंडाला धरून उठवलं, निळा झालेला दंड सोडून दुसऱ्याला. दारातून वळून बघितलं तेव्हा तरुण परत आला होता आणि बाईच्या हाती पेन होतं.

घरी आल्यावर धाकटी कपडेसुद्धा न बदलता जिना चढली. थोरली खिडकीपाशी बसून भाजी निवडत होती.

"जाऊबाई, सरकारी शाळेची प्रवेशपरीक्षा पुन्हा आहे म्हणे, दोन महिन्यांनी. वयाच्या अटीत चिऊला आणखी एकदा बसता येईल." इथवर तिनं पाठ करून आणलं होतं. "मनीला सांगाल का... हिला जरा..."

थोरलीनं मान वर केली. तिला ते वाक्य पुरं करता आलं असतं, आणि तिनं ते केलं नाही. रागानं नव्हे. काही वाक्यं ज्याची त्यानंच पुरी करायची असतात, एवढं तिला कळत होतं.

"तूच सांग की. आत आहे ती. काकूचं ऐकते."

मनी पलंगावर पुस्तक घेऊन बसली होती. धाकटी उंबऱ्यात उभी राहिली.

"मनी, चिऊला शिकवशील का गं?"

मनीनं पुस्तकात बोट ठेवून ते मिटलं. "मी कधी नाही म्हटलं होतं, काकू?"

आवाजात राग नव्हता, त्यामुळं ते जास्तच लागलं.

त्या संध्याकाळपासून चिऊ वर जाऊन बसू लागली. कॉलेजची गाडी दाराशी येईनाशी झाली. मास्तरीण दोनदा विचारून गेली. दुकानावरचं कर्ज होतं तिथंच होतं. नवऱ्यानं गिऱ्हाइकं वाढावीत म्हणून एका खाणावळीचे टेबलक्लॉथ धुवायला घेतले आणि एक शब्द बोलून दाखवला नाही.

धाकटीचा मत्सर गेला का? कुठला जायला. हाडात मुरलेली गोष्ट ती. यादी लागली आणि तीत चिऊचं नाव आलं, तरी ती पहिल्या वर्गात बसेल तेव्हा मनी तिथं पगारावर असणार. नव्या मुलींना सुई धरायला शिकवणार. चिऊ तिला चारचौघांत मॅडम म्हणणार. धाकटीनं हे सगळं पुढचं आधीच बघून घेतलं होतं आणि एकटीनंच त्यावर चरफडून घेतलं होतं. आणि नाव नाहीच आलं तर? तो विचार ती करत नव्हती.

वरची खिडकी उघडी असायची. दुकानाच्या मागच्या भागात जुनं धुण्याचं यंत्र होतं. ते घुमायला लागलं की सगळं घर हादरायचं आणि वरचं काही ऐकू यायचं नाही. एका संध्याकाळी टेबलक्लॉथचा घाणा लावलेला असताना तिनं बटण दाबून ते थांबवलं. साबणाचं पाणी आतल्या आत डुचमळलं आणि स्थिर झालं.

वरून मनीचा आवाज आला, सावकाश, एकेक शब्द सुटा. मग चिऊचा, अडखळत, तेच पुन्हा म्हणणारा. मनीनं चूक सांगितली. चिऊनं पुन्हा म्हटलं.

काउंटरवर कुणीतरी बोटं वाजवली. "काय हो, मशीन बिघडलं का?"

"नाही," धाकटी ओले हात तसेच धरून म्हणाली. "जरा थांबा."